पाऊस सरल्यावर कोकणातील घर आणि वाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर भाद्रपद संपत आला की घरोघरी त्याच शंका निघतात. त्यांतील नेहमीच्या शंकांना येथे उत्तरे दिली आहेत. ती लिहिताना चिऱ्याच्या (म्हणजे घडवलेल्या जांभा दगडाच्या) भिंतींचे, कौलारू छपराचे आणि मागे माड, पोफळी, आंबा असलेले घर डोळ्यांसमोर आहे. स्लॅबच्या घराला काही वेगळे करावे लागत असेल, तर ते त्या ठिकाणी सांगितले आहे.

ही कामे नेमकी केव्हा सुरू करावीत?

मोसमी पाऊस कोकणातून साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माघार घेतो. पण तो एका दिवसात जात नाही. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते आणि त्यानंतर चित्रा नक्षत्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत असते. या काळात सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह जोरदार सर, असा प्रकार अनेकदा होतो. म्हणून पहिली उघडीप मिळताच छपराला आणि रंगाला हात घालू नये. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ हा खरा कामाचा काळ आहे, आणि त्यातही सुरुवातीचे दिवस पाहणी, सफाई आणि वाळवणे यांनाच द्यावेत. या दिवसांत घर वाळवायचे असते आणि वाडीतली ओल मात्र राखायची असते. ही दोन कामे एकमेकांच्या उलट आहेत, आणि बहुतेक चुका त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात: घर ओले असतानाच रंगवले जाते आणि वाडी मात्र झाडून-पेटवून कोरडी केली जाते.

पडवीला लावलेले झाप आणि प्लॅस्टिकचे पडदे कधी काढावेत?

पावसाच्या बाजूचे पडदे चित्रा नक्षत्र संपेपर्यंत ठेवावेत, मात्र दिवसा ते गुंडाळून वर बांधावेत, म्हणजे भिंतीला वारा लागतो. माडाचे झाप कुजले नसतील तर उन्हात खडखडीत वाळवून उभे करून ठेवावेत. जमिनीवर रचलेल्या झापांच्या थरात विंचू आणि वाळवी दोन्ही शिरतात.

शाकारणी, म्हणजे छपराची कौले उतरवून-बदलून पुन्हा नीट लावणे, तर उन्हाळ्यात करायची असते. मग छप्पर आता तपासून काय उपयोग?

गळती कोठे होते हे छप्पर आताच सांगते. एप्रिलमध्ये सारे कोरडे असते, डाग पुसट झालेले असतात आणि माणूस अंदाजाने कौले हलवतो. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन सरी पडत असताना विजेरी घेऊन माळ्यावर जावे आणि ज्या रिपेवरून किंवा वाशावरून पाणी ओघळताना दिसते तेथे खडूने खूण करावी. पाणी जेथे टपकते तेथेच फट असते असे नाही. ते वाशाच्या अंगाने दोन-चार हात खाली घरंगळून मग टपकते, म्हणून ओघळ वरच्या दिशेने शोधत जावा. दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा वर जाऊन दिवे मालवावेत आणि डोळे काळोखाला सरावू द्यावेत. कौलांमधून जेथे प्रकाशाचे ठिपके दिसतात ते खडूच्या खुणांशी ताडून पाहावेत.

फुटलेली मंगलोरी कौले आताच बदलावीत. वरचे कौल जरा उचलून खालचे सरकवून काढता येते. आढ्यावरच्या कोन्यांचा चुना किंवा सिमेंट सुटले असेल तर तेही भरून घ्यावे. शेवाळ धरलेल्या कौलांवर मात्र कोणीही चढू नये. ती किमान आठवडाभर वाळू द्यावीत, आणि वर जाणाऱ्याने वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरच पाय द्यावा. पन्हळीतील कुजलेला पाला काढून टाकावा, कारण तो तसाच राहिला तर पत्र्याची पन्हळ तळातून गंजते. स्लॅबच्या घरात गच्चीवरील पाणी जाण्याची तोंडे आणि कठड्याच्या मुळाशी पडलेल्या चिरा पाहाव्यात. तेथे उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप मुळासकट काढावे. नुसते खुडले तर ते पुढच्या पावसात अधिक जोमाने येते.

दिवाळीपूर्वी रंग द्यायचा आहे. भिंत पुरेशी वाळली आहे हे कसे ओळखावे?

हाताला कोरडी लागणारी भिंत आतून कोरडी असेलच असे नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. चार महिने प्यायलेले पाणी तो हळूहळू सोडतो आणि सोडताना विरघळलेले क्षार पृष्ठभागावर आणतो. भिंतीवर पांढरी लव किंवा पीठ दिसते ते हेच. ओल तपासण्याचा सोपा उपाय असा, की हातभर लांब-रुंद स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावे आणि एक दिवस-रात्र तसेच ठेवावे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले किंवा त्याखालचा भाग गडद दिसला, तर रंग थांबवावा.

आमच्या घराची पश्चिमेकडील भिंत आम्ही एका वर्षी पाहुणे येणार म्हणून घाईने रंगवली. त्या भिंतीवर सारा पाऊस समुद्राकडून येऊन आपटलेला होता, आणि उन्हाने ती वरवर सुकली होती एवढेच. माघ महिन्यापर्यंत रंगाला तळहाताएवढे फुगे आले. एक फुगा नखाने फोडला तेव्हा आतून ओलसर पांढरी भुकटी निघाली आणि रंगाचा पापुद्रा कागदासारखा हातात आला. सगळा रंग खरवडून पुन्हा काम करावे लागले. तेव्हापासून त्या बाजूचे रंगकाम आम्ही फेब्रुवारीत काढतो आणि दिवाळीला फक्त ओटी, माजघर आणि तुळशीवृंदावन रंगवतो. तसे करण्यात काहीही कमीपणा नाही.

शेवाळ आधी ताठ ब्रशने कोरडेच खरवडावे आणि मग धुवावे. उघड्या चिऱ्याच्या भिंतीला शक्यतो चुन्याचा हात द्यावा, कारण चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडू शकते. जुन्या चिऱ्यावर सिमेंटचा जाड गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा बसणारा रंग चढवला, की ओल आत कोंडते आणि घराच्या आतल्या बाजूने निघते. माझे मत विचारल्यास चांगला चिरा गिलाव्याखाली झाकूच नये.

लाकडी वासे, खांब आणि दरवाजे यांची काळजी कशी घ्यावी?

दार पावसात फुगून अडकत होते म्हणून आता लगेच रंधा मारू नये. ते वाळून महिनाभरात मूळ मापावर येते, आणि आधी तासले तर फट कायमची राहते. वाशांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे आणि खांबांच्या बुडाशी टोच्याने टोचून पाहावे. टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. वाळवीची मातीची नळी दिसल्यास तिचा वीतभर भाग मोडावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. नळी नव्याने सांधलेली असेल, तर वसाहत जिवंत आहे आणि जाणकाराकडून जमिनीपासून उपचार करून घ्यावा. उंबरठ्यांना आणि कुंपणाच्या खांबांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु ते तेल कातडीला भाजते. हातमोजे घालूनच लावावे आणि मुलांना दूर ठेवावे.

समुद्राजवळच्या घरातील लोखंडी ग्रील दर वर्षी गंजते. उपाय काय?

खाऱ्या वाऱ्याने आलेले मीठ आधी गोड्या पाण्याने धुऊन काढावे आणि ग्रील पूर्ण वाळू द्यावी. मग गंज तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो सुकल्यावर तैलरंग लावावा. गंजावरच दिलेला रंग टिकत नाही. विजेच्या मुख्य फलकावरील गळतीरोधक स्विचचे चाचणीचे बटणही याच दिवसांत दाबून पाहावे. बटण दाबताच वीज खंडित झाली पाहिजे.

गाद्या, कपडे, पुस्तके आणि धान्य यांना आलेला वास व बुरशी कशी घालवावी?

आश्विनातले ऊन हे त्यावरचे उत्तम औषध आहे. गाद्या आणि गोधड्या सकाळी दहा ते तीन या वेळेत सलग तीन-चार दिवस दोन्ही बाजूंनी तापवाव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी आत घ्याव्यात, कारण सायंकाळी दव पडू लागलेले असते. पुस्तके उन्हात उघडी ठेवू नयेत. ती सावलीत, वाऱ्यावर उभी करून पाने मोकळी करावीत आणि बुरशी कोरड्या मऊ कापडाने घराबाहेर झटकावी. नवे भात कणगीत भरण्यापूर्वी दाणा दाताखाली कटकन तुटतो की दबतो हे पाहावे. दबत असेल तर आणखी ऊन द्यावे.

अंगण पुन्हा करावे, की सिमेंट किंवा लाद्या घालाव्यात?

अंगणातले गवत फावड्याने तासून, खाचखळगे मातीने भरून, माती ओलवून ती धुमसाने चोपावी आणि वाळत आल्यावर शेणाने सारवावे, ही रीत अजूनही सर्वांत योग्य आहे. चोपताना उतार घराच्या जोत्यापासून बाहेरच्या दिशेने ठेवावा. पावसात पागोळ्यांनी पडलेली चर बुजवताना तेथे जांभ्याची खडी घातली तर पुढच्या वर्षी जोत्यावर चिखल उडत नाही. संपूर्ण अंगण सिमेंटने झाकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे: त्याने ऑक्टोबरपासून मेपर्यंत घरात उष्णता येते आणि विहिरीकडे मुरणारे पाणी रस्त्यावर जाते. ज्यांना सारवणे शक्य नाही, त्यांनी येण्याजाण्यापुरती चिऱ्यांची पाखाडी करावी आणि बाकी माती मोकळी सोडावी.

विहीर आता काठोकाठ भरलेली आहे. तिचे काही करण्याची गरज आहे का?

गरज आहे, आणि ती दोन प्रकारची आहे. पावसाळ्यात विहिरीत वरून वाहत आलेले पाणी, पाला आणि जनावरांचे मलमूत्र मिसळलेले असते, म्हणून पाऊस थांबल्यावर पाणी निर्जंतुक करून घ्यावे. चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर दर १,००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम या प्रमाणात घेतात. गोल विहिरीतील पाणी मोजण्यासाठी व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्याला ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये असतील तर उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. उदाहरणार्थ, ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते आणि त्यासाठी सुमारे ७० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुन्याचा गाळ खाली बसला की वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडावी आणि हिसके देऊन मिसळावी. गाळ विहिरीत टाकू नये, कारण त्याने पाणी जड होते. हे काम रात्री केले तर पाणी सकाळपर्यंत वापरण्याजोगे होते. उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी झालेली असते, म्हणून ती हवाबंद डब्यातलीच घ्यावी.

दुसरे काम पाणी टिकवण्याचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही कातळावरच्या वस्त्यांना एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. कारण जांभ्यातून पाणी जसे झटकन मुरते, तसेच ते उतारावरून पऱ्यात (ओढ्यात) आणि पुढे खाडीत निघून जाते. म्हणून पऱ्याला वाहते पाणी आहे तोवरच, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, वस्तीतल्या लोकांनी एकत्र येऊन मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा कच्चा बंधारा घालावा. पऱ्या आटल्यावर घातलेल्या बंधाऱ्यात अडवायला पाणीच उरलेले नसते.

वाडीतला पालापाचोळा जाळावा का?

जाळू नये. पाऊस थांबल्यानंतर पंधरा दिवसांत माती वरून कडक होऊ लागते. त्याआधीच माड, पोफळी, केळी आणि मसाल्याच्या वेली यांच्या आळ्यांत पाल्याचा वीतभर जाड थर पसरावा. झाडाच्या खोडाला मात्र तो टेकवू नये. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे घालताना त्यांची पोकळ बाजू खाली ठेवावी, म्हणजे त्यांत पाणी साचून डास होत नाहीत.

माड आणि पोफळी यांची कोणती कामे या दिवसांत करावीत?

माडावर चढणारा माणूस मिळाला, की एकाच चढाईत शेंडा साफ करणे, वाळलेल्या झावळ्या काढणे आणि किडीची पाहणी करणे, ही तिन्ही कामे उरकून घ्यावीत. हिरव्या झावळ्या नारळ काढण्याच्या सोयीसाठी तोडू नयेत. नवे पान पंख्यासारखे त्रिकोणी कापल्यासारखे दिसले तर ती गेंड्या भुंग्याची खूण समजावी. भुंगा तारेच्या आकड्याने बाहेर काढावा आणि कोवळ्या माडांच्या वरच्या पानांच्या बगलांत डांबराच्या गोळ्या ठेवून त्यांवर वाळू घालावी. हा भुंगा माडावर नव्हे, तर कुजलेल्या शेणखतात आणि पडलेल्या माडांच्या खोडांत वाढतो, म्हणून खताचा खड्डा उकरून त्यातल्या जाड पांढऱ्या अळ्या वेचाव्यात. खोडातून तपकिरी चीक गळत असेल, तर सोंड्या भुंग्याची शक्यता असते आणि तेथे उशीर चालत नाही.

मोठ्या माडाचे आळे सुमारे पावणेदोन मीटर त्रिज्येचे करून त्यात खताचा ऑक्टोबरचा हप्ता ओल असतानाच द्यावा. पोफळीची कोवळी झाडे पावसाळाभर ढगांखाली वाढलेली असतात, आणि नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन त्यांचे खोड भाजते. त्या बाजूला खोडावर वाळलेल्या झावळ्या बांधाव्यात किंवा चुना लावावा. भाजलेल्या जागी खोड पुढे चिरते आणि वाऱ्यात तेथेच मोडते.

हापूसला आता पाणी द्यावे का? आणि काजूचे काय?

मोहोराला येणाऱ्या मोठ्या कलमांना आता पाणी देऊ नये. पाण्याने नवी पालवी फुटते, ती जून होईपर्यंत मोहोर लांबतो. एक-दोन वर्षांच्या कलमांना मात्र पाणी, काठीचा आधार आणि उन्हापासून आडोसा हवा. कलमाच्या जोडाखालून फुटलेले धुमारे काढून टाकावेत. मोठ्या झाडांवरील वाळक्या फांद्या आणि बांडगूळ कापावे. बांडगूळ नुसते ओरबाडू नये. ते जेथे रुतले आहे त्याच्या थोडे खालून फांदीच तोडावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक लावावे.

पेस्टसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण आहे. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी हेच १०० लिटर पाण्यात करतात. दोन्ही द्रावणे प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत तयार करून मग एकत्र करावीत. मिश्रणात स्वच्छ विळ्याचे पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आला, तर मोरचूद मोकळे आहे असे समजून आणखी चुना घालावा. पालवीवर तुडतुडे आणि काजूवर ढेकण्या दिसू लागल्यास कोणते औषध किती घ्यावे, हे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकावरून ठरवावे, शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीवरून ठरवू नये. काजूच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागला आहे. तेथील साल तासून अळी बाहेर काढणे हाच पहिला उपाय.

परसात कोणती भाजी लावावी?

लाल माठ आणि मुळा लगेच पेरावेत. माठ महिन्याभरात खुडता येतो. वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची रोपे ऑक्टोबरमध्ये करावीत. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, पावटा, चवळी किंवा कुळीथ टोकावा. रायगडातली माघातली पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत) याच वालाच्या शेंगांवर होते, आणि तिच्यासाठी लागणारा भांबुर्ड्याचा पाला त्याच शेतांच्या बांधावर आपोआप उगवतो. बांधावरचे सगळे रान काढणाऱ्यांनी तेवढा तो राखावा. नरकचतुर्दशीसाठी कारिटाचा एखादा वेलही.

साफसफाई करताना साप-विंचवांपासून कसे सांभाळावे?

गडग्याचे (दगडी कुंपणाचे) सुटलेले चिरे, लाकडांचा ढीग आणि गवत यांत हात घालण्यापूर्वी लांब काठीने ती जागा हलवावी आणि पायांत बूट घालावेत. जांभ्याच्या प्रदेशात फुरसे पुष्कळ आहे. ते लहान असते, मातीच्या रंगात मिसळते आणि डिवचले असता अंगावरचे खवले घासून करकर असा आवाज करते. तो आवाज ऐकू आला की जागीच थांबावे आणि मागे सरावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये. दंशाचा अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. विंचूदंशही हसण्यावारी नेऊ नये. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात अनेक मुले दगावत. महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर चित्र पालटले. लहान मुलाला घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

पाऊस थांबल्यावरही डास का वाढतात?

वाहते पाणी थांबते आणि साठलेले पाणी उरते म्हणून. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, जुने टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पिंप रिकामे करून कोरडे करावेत.

आता वादळाचा धोका उरत नाही, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी जशी चक्रीवादळे होतात, तशी नंतरही होतात. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले, आणि ऑक्टोबर २०१९ मधील क्यार वादळ समुद्रातच राहूनही त्याच्या पावसाने कापणीला आलेले भात भिजले. घरावर कलणारा माड किंवा पोकळ फांदी आताच उतरवावी, आणि कापलेले भात शेतात पसरून ठेवण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा.

आम्ही मुंबईत असतो आणि दिवाळीला दोनच दिवस घरी येतो. आधी काय करावे?

घर उघडल्यावर सर्व दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि आत शिरण्यापूर्वी तासभर वारा खेळू द्यावा. वीज सुरू करण्याआधी मुख्य फलक ओला किंवा गंजलेला नाही ना, हे पाहावे. पहिल्या दिवशी माळा, पन्हळी आणि गाद्या, तर दुसऱ्या दिवशी विहीर आणि आळ्यांतला पाला, अशी विभागणी करावी. रंगाचा विचार त्या दोन दिवसांत करू नये. घराभोवतीचे आणि कलमांभोवतीचे गवत निदान तीन मीटर रुंद पट्ट्यात कापून घेण्याचे काम गावातल्या कोणाला तरी मजुरी देऊन डिसेंबरपूर्वीचे ठरवून जावे, कारण सड्यावरचे (कातळाच्या माळावरचे) गवत वाळले की वणवा बंद घराच्या पडवीपर्यंत पोहोचतो आणि तो विझवायला तेथे कोणी नसते. माळ्यावर खडूच्या खुणा करणे जमले असेल तर त्यांचे फोटो काढून, कोणती बाजू कोणत्या दिशेची ते त्यावर लिहून ठेवावे. एप्रिलमध्ये शाकारणीला येणाऱ्या गड्याला ते फोनवर पाठवले, तर तुम्ही हजर नसतानाही नेमकी तीच कौले बदलली जातात.